थंडीचे प्लग

१

रसिका तांबे दारात येऊन उभी राहिली तेव्हा बाळा भाटकर चहा गाळत होते. गाळणं त्यांच्या हातून अजूनही नीट होत नसे. बायको सगुणा जाऊन पाच महिने झाले होते, आणि पाच महिने त्यांच्या चहात पत्ती येत होती.

"काका, आत येऊ?"

"विचारतेस काय गो? ये. बस."

ती बसली नाही. तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली आणि ओट्यावर ठेवली. बातमी बाळाकाकांनी वाचलेली होती. सगळ्या रत्नागिरीनं वाचलेली होती. सड्यावरच्या, गावाबाहेरच्या कातळपठारावरच्या, शेडमधून उडालेलं दोन माणसांचं छोटं विमान तेविसाव्या मिनिटाला कातळावर पडलं. वैमानिक समर्थ तोडणकर आणि मेकॅनिक अमरदीप तांबे जागीच गेले. त्याला आज आठ दिवस झाले होते. मथळा मात्र कालचा होता: 'मेकॅनिकनेच चुकीचे प्लग बसवले.'

"मी काल राजापूरला गेले होते," रसिका म्हणाली. "समर्थच्या आईकडे. दोघं एका डब्यात जेवायचे, काका. मला वाटलं, आपण दोघी एकमेकींजवळ बसू. तिनं दार उघडलं, मला बघितलं, आणि म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं माझा पोर मारला. मग दार लावून घेतलं."

बाळाकाकांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यापुढे केला. डब्यावर सगुणाच्या हातची चिठ्ठी होती: 'पाहुण्यांचे'. आत बिस्किटं होती, मऊ पडलेली. रसिकानं एक हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तुम्ही त्याला शिकवलंत. मला एवढंच सांगा, त्याच्याकडून चूक झाली का? झाली असेल तर मी परत राजापूरला जाईन आणि त्या बाईच्या पाया पडेन. झाली नसेल तर तिला ते कळलं पाहिजे. पण हे असं अधांतरी मला जगता येत नाय."

अमरदीप मूळचा अलोऱ्याचा. बाप कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत कामाला होता, तो लवकर गेला. एकोणिसाव्या वर्षी पोरगा मिरकरवाड्यात बाळाकाकांकडे होड्यांची इंजिनं शिकायला आला आणि तीन वर्षं याच घरात राहिला, सगुणाच्या हातचं खाऊन. बाळाकाकांनी जहाजावर इंजिनखात्यात तीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी असा हात दुसरा पाहिला नव्हता.

पण चांगले हातही चुकतात, हे त्यांना ठाऊक होतं. सगुणा त्या दुपारी म्हणाली होती, "काय नाय हो, पित्त झालंय." आणि त्यांनी तिला सोडा दिला होता. ते पित्त नव्हतं, हृदयाचा झटका होता.

"बघतो," ते म्हणाले. "जे निघेल ते सांगेन. तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही."

"तेच पाहिजे," रसिका म्हणाली.

२

फौजदार दर्शना भुवड बाळाकाकांना ओळखत होत्या. पोलिसांच्या गस्तीच्या होडीचं इंजिन त्यांनीच दोनदा जागेवर आणलं होतं.

"मुंबईचे चौकशीवाले इंजिन घेऊन गेले, काका. त्यांचा अहवाल यायला वर्षही लागेल. मला माझा कागद सोमवारी पुढे पाठवायचाय. त्यात आत्ता तरी अमरदीपचंच नाव आहे. तुम्हाला शेड बघायची असेल तर आज बघा."

शेड जांभ्याच्या भिंतींची, वर पत्रा. पुढे सड्यावर सपाट केलेली धावपट्टी. किनाऱ्याची झीज वरून मोजायची म्हणून हर्षद मयेकरनं ही छोटी कंपनी काढली होती आणि विमान इथंच बांधून घेतलं होतं. इंजिन रोटरी. त्याला पिस्टन नसतो. पोटात तिकोनी लोखंड गरगर फिरतं आणि त्याच्या तीन कडा भिंतीला घासत राहतात. हलकं, छोटं आणि ताकदीचं.

"पण प्लगचं एवढं काय?" दर्शनाबाईंनी विचारलं. "प्लग म्हणजे प्लग."

"होडीत चालतं तसं. यात नाही. साध्या इंजिनात प्रत्येक फेरीला ताजी गार हवा प्लगवरून जाते, त्याला जरा विसावा मिळतो. रोटरीत ज्या बाजूला प्लग असतो ती बाजू कायम पेटलेलीच. आणि विमान म्हणजे पूर्ण जोरात, तासन् तास. म्हणून उडताना थंड जातीचा प्लग लागतो. थंड म्हणजे आपल्या अंगातली उष्णता पटकन बाहेर टाकणारा. गरम जातीचा प्लग ती धरून ठेवतो. तो घालून पूर्ण जोरात चालवलंत तर वीस-पंचवीस मिनिटांत टोक निखाऱ्यासारखं लाल होतं, पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि आतल्या कडा तुटतात. मग संपलं."

"मग गरम प्लग ठेवायचेच कशाला?"

"जमिनीवर हळू चालवताना थंड प्लग तेलकट, काळा होतो. इंजिन खोकायला लागतं. सकाळच्या गारठ्यात जास्तच. तेव्हा गरम घालून चाचणी घ्यायची, उडायच्या आधी काढून थंड घालायचे. म्हणून दोन डबे."

दोन डबे फळीवर शेजारीशेजारी होते, आमरसाचे, पत्र्याचे. प्रत्येकात लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्याला चार भोकं. प्लग त्यात उभे खोचलेले, फक्त पांढरी डोकी वर दिसत होती. झाकणांवर चिठ्ठ्या होत्या. अक्षर अमरदीपचं, बाळाकाकांनी लांबूनच ओळखलं.

पहिल्या झाकणावर: 'थंडीचे'. आत दोन प्लग, दोन भोकं रिकामी.

दुसऱ्या झाकणावर: 'गरमीचे'. आत चारही प्लग जागेवर.

बाळाकाकांनी पहिल्या डब्यातला एक प्लग उचलला, चष्मा वर सरकवून त्यावरचा आकडा वाचला आणि परत ठेवला.

"हे गरम जातीचे आहेत."

"तेच तर," दर्शनाबाई हळूच म्हणाल्या. "डब्यावर 'थंडीचे' आणि आत गरम. त्यानं स्वतःच चिठ्ठ्या उलट्या लावल्या, आणि स्वतःच फसला. पडलेल्या विमानाच्या इंजिनात सापडले ते दोन्ही याच जोडीचे भाऊ. काका, मलाही वाईट वाटतंय."

३

हर्षद मयेकर शेडच्या मागच्या खोलीत बसला होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, डोळे तांबडे. माणूस झोपत नव्हता हे उघड होतं.

"भाटकरकाका, तुम्ही त्याचे गुरू. तुम्हाला काय सांगू? मला प्लगमधलं ओ का ठो कळत नाही. मी माणसांवर विश्वास टाकला."

"त्या दिवशी तुम्ही कधी आलात?"

"पाहुण्यांना घेऊन साडेनवाला. दहाला उड्डाण होतं. पुण्या-मुंबईची माणसं आली होती बघायला. सगळं त्या एका दिवसावर होतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अमरदीपचं लक्षच नव्हतं हो. इंजिन सकाळी खोकत होतं. तेव्हाच थांबवायला हवं होतं."

दर्शनाबाईंनी मान हलवली. हा जबाब त्यांच्या वहीत आधीच होता, शब्दाला शब्द.

इंजिनाची जोडणी बघणारी अक्षया दळवी दापोलीची. वडील कृषी विद्यापीठात, शिक्षण पुण्यात. ती धावपट्टीच्या टोकाला एका दगडावर बसली होती आणि बोलावूनही उठली नाही.

"तुमचं आणि अमरदीपचं पटत नव्हतं म्हणे," बाळाकाका तिच्या शेजारी टेकत म्हणाले.

"कोण म्हणालं? हर्षदसर? पटत नव्हतं असं नाही, भांडायचो. मी म्हणायचे, दोन जोड्या कशाला, मधल्या जातीचा एकच प्लग ठेवू, गोंधळ नको. तो म्हणायचा, मॅडम, मधला म्हणजे दोन्हीकडून वाईट." ती हसली आणि लगेच रडली. "बरोबर होतं त्याचं. प्लगच्या बाबतीत तो कधी चुकला नाही. म्हणून तर मला हे समजत नाही."

"त्यानं प्लग कधी बसवले?"

"आदल्या दिवशी संध्याकाळी. वहीत त्याची सही आहे. सकाळी आम्ही सव्वाआठच्या एसटीनं एकत्रच आलो. तो, मी आणि समर्थ."

"डब्यांवर लिहिलेलं तुम्ही पाहिलं होतंत?"

"मी डब्यावरचं वाचतच नाही, काका. मी प्लगवरचा आकडा बघते."

"आणि इंजिन? आवाज कसा होता?"

तिनं फोन काढला. "उडायच्या आधी मी व्हिडिओ घेतला होता. इतकं सुरेख चाललं होतं ना."

फोनमधून आवाज आला. शिवणयंत्रासारखा, एकसारखा. पंख्यामागे अमरदीप उभा होता, हात मागे बांधून, मान जरा कलती ठेवून ऐकत. बाळाकाकांनीच त्याला तसं ऐकायला शिकवलं होतं. व्हिडिओ संपला तरी त्यांची मान तशीच कलती राहिली.

"दादराच्या पायऱ्या उतरताना पाय अडखळावा तसं काहीतरी झालंय मला," ते उठत म्हणाले. "काय ते कळत नाही."

पण चिठ्ठीचं अक्षर अमरदीपचं होतं, आणि डब्यातले प्लग उलटे होते. उद्या रसिकाला सांगावं लागणार होतं. खोटं सांगणार नाही, असा शब्द दिला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. रत्नागिरीत थंडी पडते ती जानेवारीतले चार दिवस, आणि त्या चार दिवसांसाठी सगुणा वर्षभर लोकरीचे कपडे जपायची. रसिकाकडे जायला निघताना बाळाकाकांना हुडहुडी भरली. त्यांना स्वेटर हवा होता. तो तिच्या ट्रंकेत होता, आणि ट्रंक त्यांनी पाच महिन्यांत उघडली नव्हती.

ती उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास आला आणि ते जरा वेळ नुसते उकिडवे बसून राहिले.

आत जुन्या लुगड्यांत बांधलेली गाठोडी होती. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. 'पावसाचे'. 'लग्नाकार्याचे'. एक 'अमरचे', त्यात त्याची जुनी चादर. आणि तळाशी 'थंडीचे'.

त्यांनी ते गाठोडं सोडलं. आत स्वेटर, मफलर, जहाजावरून आणलेली जाड कांबळ. सगळं उबेचं.

बाळाकाकांचा हात तिथंच थांबला.

थंडीचे. आत सगळं गरम.

त्यांना तो दिवस आठवला, याच खोलीतला. वीस वर्षांचा अमरदीप नट-बोल्टच्या डब्यांना चिठ्ठ्या लावत होता, 'मोठे', 'छोटे', 'पितळी'. सगुणा दारातून बघत होती. ती म्हणाली होती, "वस्तू काय आहे ते उघडल्यावर दिसतंच रे. कशाला लागते ते लिही. म्हणजे घाईत हात चुकत नाही." पोरानं सगळ्या चिठ्ठ्या फाडून नव्यानं लिहिल्या होत्या, 'वल्ह्याचे', 'पंख्याचे', 'झाकणाचे'. तेव्हापासून त्याची तीच रीत.

चिठ्ठ्या उलट्या नव्हत्याच. थंडीचे म्हणजे थंडीत लागणारे, जमिनीवर, गारठलेल्या इंजिनाला. ते गरम जातीचेच असणार. गरमीचे म्हणजे इंजिन तापून पूर्ण जोरात असताना लागणारे. ते थंड जातीचे. अमरदीपनं बरोबर लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी चुकीचं वाचलं होतं, आणि त्यात ते स्वतःही होते. सगुणाचा नवरा, बेचाळीस वर्षं तिच्या चिठ्ठ्यांच्या घरात राहिलेला.

आणि ज्यानं चिठ्ठी लिहिली तो ती चुकीची वाचणार नाही.

मग त्या इंजिनात 'थंडीचे' प्लग घातले ते कुणी?

बाळाकाकांनी स्वेटर अंगात चढवला. ते रसिकाकडे गेले नाहीत. सरळ रिक्षा करून सड्यावर गेले.

५

दर्शनाबाईंसमोर त्यांनी 'गरमीचे' डब्यातले चारही प्लग एकेक करून उपसले आणि फडक्यावर मांडले. काल त्यांनी फक्त डोकी पाहिली होती. सगळ्यांनीच फक्त डोकी पाहिली होती.

दोन प्लग स्वच्छ होते. उरलेल्या दोघांची टोकं काळी होती, काजळीनं माखलेली, आणि त्यांच्या गळ्यात एकेक पातळ पत्र्याची चकती अडकलेली.

"ही वॉशर," बाळाकाका म्हणाले. "नवी असताना फुगीर असते. प्लग आवळला की चेपून सपाट होते. एकदा चेपली की फुकट. अमरदीप प्रत्येक वेळी नवी घालायचा आणि प्लग काढला की जुनी तिथल्या तिथं फेकायचा. मी त्यासाठी त्याच्या डोक्यात टपल्या मारल्यात. त्याच्या डब्यात चेपलेल्या वॉशरसकट प्लग जाणं शक्य नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे दोन त्यानं संध्याकाळी बसवले होते, बरोबर जातीचे. नंतर दुसऱ्या कुणीतरी ते काढले आणि या डब्यात दोन भोकं रिकामी दिसली म्हणून इथं खोचले. आणि टोकं बघा. ही काजळी हवेतली नाही. जमिनीवर बराच वेळ हळू चालवल्याची आहे. इंजिन चांगलंच खोकलं असणार."

दर्शनाबाई बघत राहिल्या. "पण कधी? सकाळी तर व्हिडिओत—"

"त्याच्या आधी. रात्रीचा राखणदार कुठाय?"

राजाराम सकपाळ खाली वाडीत राहत होता. साठीचा, कमी बोलणारा. त्याची राखण सकाळी साडेसहाला संपायची. त्याला घेऊन आले तेव्हा तो दारातच उभा राहिला.

"राजारामदादा, त्या सकाळी इंजिनाचा आवाज ऐकलात?"

"ऐकला की. दोनदा."

"दोनदा? मला सांगितलं नाहीत!" दर्शनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत, शेडमधे कोण दिसलं. मी तर घरी गेलेलो. दिसनार कोन? आवाजाचं कुनी विचारलंच नाय." तो बाळाकाकांकडे वळला. "सात वाजले असतील. मी नळावर आंघोळ करीत व्हतो. इंजिन चालू झालं. बराच वेळ, अर्धा तास तरी. मग खोकाय लागलं, म्हाताऱ्यासारखं. बंद झालं. मग माझं कपडे धुवून व्हईपर्यंत गप. मग परत चालू झालं ते एकदम गुळगुळीत. मी म्हटलं, बरा केला अमरदीपनं."

"अमरदीप तेव्हा घरी होता," बाळाकाका म्हणाले. "साडेआठच्या आत तो, अक्षया आणि समर्थ, तिघांतला कुणीच इथं नव्हता. ते आले तेव्हा दुसरेच प्लग बसलेले, इंजिनावरचं झाकण लागलेलं, चालू केलं की इंजिन सुरेख चालणारं. संध्याकाळी स्वतः बसवलेले प्लग तो परत कशाला उघडून बघेल?"

दादरावर पाय कुठं अडखळला होता ते त्यांना आत्ता कळलं.

"बाई, तुमची वही काढा. हर्षद मयेकरचा जबाब वाचा. तो इंजिनाबद्दल काय म्हणाला होता?"

दर्शनाबाईंनी पानं उलटली. वाचलं. मग परत वाचलं, या वेळी मोठ्यानं.

"'इंजिन सकाळी खोकत होतं.'"

"आणि तो आला साडेनवाला," बाळाकाका म्हणाले.

६

हर्षदला शेडमध्ये बोलावलं. अक्षयाही आली. बाळाकाकांनी दोन्ही डबे त्याच्यापुढे टेबलावर ठेवले.

"हर्षदशेठ, उडताना कुठल्या जातीचे प्लग लागतात?"

"थंड. अमरदीप रोज घोकायचा. उडताना थंड, उडताना थंड."

"यातला थंड प्लग मला काढून द्या."

हर्षदनं हात पुढे केला. तो 'थंडीचे' डब्याकडे गेला आणि झाकणापाशी थांबला. कारण ते गरम होते हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्याचा हात आधी तिकडेच गेला होता. त्यानं हात मागे घेतला.

"इंजिन सात वाजता खोकलं," बाळाकाका म्हणाले. "साडेआठनंतर ज्यांनी ऐकलं त्यांनी सुरेखच ऐकलं. ते खोकलं हे फक्त ज्यानं खोकवलं त्यालाच ठाऊक. काय करत होतात सात वाजता?"

वरचा पत्रा उन्हानं तडतडला.

"तुमचा फोन इथं ठेवा," दर्शनाबाई म्हणाल्या.

हर्षदनं फोन काढला आणि टेबलावर ठेवला. तो ठेवतानाच त्याचे खांदे पडले.

"सूर्य उगवताना व्हिडिओ हवा होता," तो म्हणाला. "पाहुण्यांना दाखवायला. पंखा फिरतोय, मागे तांबडं आकाश. मनासारखा येत नव्हता. मी इंजिन हळू चालू ठेवून परत परत घेत राहिलो. मग ते खोकायला लागलं. मी घाबरलो. दहाला सगळे येणार. अमरदीपला फोन लावला असता तर तो बोलला असता मला. तो सगळ्यांसमोर बोलायचा. 'साहेब, हात नका लावू.' माझ्याच विमानाला!" त्यानं मान खाली घातली. "मी त्याला प्लग बदलताना शंभरदा पाहिलं होतं. काळे झालेले काढले. डब्यावर 'थंडीचे' लिहिलं होतं. मी थंडच घातले, काका! आईशपथ, मी थंड समजूनच घातले. इंजिन लगेच छान चाललं. मला वाटलं, जमलं मला."

"आणि ते आल्यावर सांगितलं का नाही?" अक्षयाचा आवाज फाटला. "एक वाक्य, सर! 'मी प्लग बदलले.' त्यानं अर्ध्या मिनिटात बघितलं असतं!"

हर्षद डब्यावरच्या चिठ्ठीकडे बघत राहिला.

"आणि नंतर?" बाळाकाकांनी विचारलं. "विमान पडल्यावर? प्लग गरम निघाले तेव्हा तुम्हाला कळलं. तेव्हा का नाही सांगितलं?"

"चिठ्ठी त्यानं लिहिली होती. मी स्वतःला म्हणत होतो, चूक त्याच्याच चिठ्ठीची आहे. मी फक्त वाचलं. आठ दिवस हेच म्हणतोय. झोप येत नाही."

बाळाकाकांनी खिशातून सगुणाच्या हातची चिठ्ठी काढली, गाठोड्याची, टाचणीसकट. ती डब्यावरच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. एकच शब्द, दोन हस्ताक्षरांत.

"ही माझ्या बायकोची. ज्या गाठोड्याला होती त्यात हा स्वेटर होता." त्यांनी अंगावरची बाही चिमटीत धरून दाखवली. "चिठ्ठी बरोबर होती. तुम्हाला कळली नाही, ते मी समजू शकतो. मलाही कळली नव्हती, आणि मी तर त्या घरातला. पण तिकडे त्याची बायको एका दारातून हाकलून दिली गेली आणि तुम्ही इथं बसून होतात."

दर्शनाबाईंनी वही उघडली आणि नवं पान काढलं.

७

सोमवारी दुपारी राजापूरला एसटीतून दोघं उतरली. रसिकानं वाटभर पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. बाळाकाकांनी सगळं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ऐकून ती रडली नाही. फक्त विचारलं होतं, "म्हणजे त्यानं बरोबर बसवले होते?" आणि ते 'होय' म्हणाले तेव्हा तिनं ते दोनदा परत विचारलं होतं.

समर्थचं घर नदीच्या बाजूला होतं. दार लोटलेलं. बाळाकाकांनी कडी वाजवली.

समर्थची आई, जनी तोडणकर, बाहेर आली. उंच, वाळलेली बाई. रसिकाला बघून तिचा चेहरा दगड झाला.

"मी बाळा भाटकर. रत्नागिरीहून आलो. पाच मिनिटं ऐकून घ्या, मग दार लावा."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. सगळं, साध्या शब्दांत. प्लगचं, चिठ्ठीचं, सात वाजताच्या आवाजाचं. तिनं मधे एकदाही काही विचारलं नाही. शेवटी ती म्हणाली,

"म्हणजे हिच्या नवऱ्यानं नाय मारला."

"नाही."

"आणि त्या मालकानं?"

"त्यानं मुद्दाम नाही केलं. चुकीचं वाचलं, आणि लाजेपायी गप्प राहिला. त्याचं काय ते आता कायदा बघेल."

जनीबाई बराच वेळ नदीकडे बघत राहिली. पात्रात पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते.

"बातमी आली तवापासून मी हिला शिव्या देत होते," ती म्हणाली. "सकाळी उठायची ती हिला शिव्या द्यायला. तेवढ्यानं उठवत तरी होतं. आता उद्या कशाला उठू?"

पाच महिने बाळाकाका स्वतः याचंच उत्तर शोधत होते.

रसिका पायरी चढली. जनीबाईंनी दार लावलं नाही. रसिकानं पिशवीतून एक डबा काढला, स्टीलचा, दोन कप्प्यांचा, एका बाजूनं चेपलेला. पोलिसांनी काल तो परत दिला होता.

"हा त्यांचा जेवणाचा. दोघांचा. वरचा कप्पा समर्थभाऊंचा असायचा. तुमची आंबोळी आमच्या कप्प्यात यायची. मी धुतला नाय अजून. माझ्याच्यानं होईना."

जनीबाईंनी डबा हातात घेतला. झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, कडा तेलानं पारदर्शक झालेल्या. तिला अक्षरं नीट दिसेनात. तिनं डबा लांब धरला.

"काय लिवलंय गो?"

"'दोघांचे'," रसिका म्हणाली.

जनीबाई आत वळली. जाताना तिनं रसिकाचा हात धरला, मनगटापाशी, घट्ट, लहान मुलाला गर्दीतून नेतात तसा. दोघी मागीलदारी गेल्या. थोड्या वेळानं राखेनं भांडं घासल्याचा आवाज आला.

बाळाकाका ओट्यावर बसले. ऊन चढलं होतं आणि स्वेटरात घाम येत होता. त्यांनी तो काढला नाही.